सोबीरचा नंबर

फरगाना,
१२ फेब्रुवारी

प्रिय नलू,

खुशाली विचारलीस, तर आहे. बर्फ वितळून अंगणात नुसता चिखल झालाय, गुडघे कुरकुरतात, जीभ चालते. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलायची सोय राहिली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात सोबीरला मराठीचं एक वाक्य धड बोलता आलं नाही, पण समजतं सगळं. आणि तो दिवसभर घरातच. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, तेवढाच बाहेर.

नाशिकला कायमची कधी येतेस, असं तू पुन्हा विचारलंस. सांगते. आधी मला भांडून घेऊ दे.

इथल्या हॉस्पिटलात कुणाला कधी डायलिसिसच्या यंत्रावर घ्यायचं, हे माझा प्रोग्रॅम ठरवायचा, हे तुला ठाऊक आहेच. आठ यंत्रं आणि अख्खा जिल्हा दारात. मी निवृत्त झाले, तो झाला नाही. डेल्फी नावाच्या जुन्या संगणकी भाषेत लिहिलेला, फक्त विंडोजवर चालणारा, आणि आता जिन्याखालच्या एका म्हाताऱ्या संगणकावर तग धरून असलेला. रोज सकाळी जाऊन मी तो सुरू करायचे. पगार नाही, चहा मिळायचा. मग हॉस्पिटलात नवे संगणक आले, सगळे लिनक्सचे. माझा प्रोग्रॅम तिथे डोळेसुद्धा उघडेना.

म्हणून मुनिसाला बोलावलं. माझ्याच हाताखाली शिकलेली, मला ‘ओपा’ म्हणजे ताई म्हणणारी पोरगी, आता मला शिकवते!

“ओपा, मी वेबवर लिहिते. एकदा लिहिलं की संगणक कुठलाही असो, फोन असो, उघडणार.”

“सराईसुद्धा सगळ्यांना उघडी असते. तिथे कुणी संसार मांडतं का?”

“आणि तुमचं घर असं, की मालकीण मेली तर किल्लीच नाही.”

बघ जीभ! मी म्हटलं, माझी भाषा त्या एका यंत्राची खडान्‌खडा माहिती ठेवते, तुझी सगळ्यांना वरवर ओळखते. नेट गेलं की काय करशील?

“शेवटचे नंबर फोनमध्ये राहतात, ओपा. ती सोय केलीय मी.”

खरं होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

तिला माझा कोड हवा होता. नंबर लावायचे नियम मी वर्षानुवर्षं एकेक करून त्यात घातलेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. मी दिला नाही. आज चष्मा नाही, उद्या डिस्क सापडत नाही. विभागप्रमुख शुहरत अका, म्हणजे शुहरतदादा, आर्जवं करत होते, “वत्सला ओपा, तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही.” मला तेवढंच ऐकायचं होतं.

शेवटी मुनिसा खुर्ची ओढून समोर बसली.

“सोबीर अकांचा नंबर कुणी काढून घेणार नाही, ओपा.”

“काढणार असं कोण म्हणालं?”

“कुणीच नाही. म्हणून तर मी म्हणतेय.”

नलू, हे मी तुलाही सांगितलेलं नाही. त्याला सकाळची पाळी मिळायची ती माझ्यामुळे. असलं इथे कुणी बोलून दाखवत नाही. नवा पेशंट वशिला घेऊन आला की कुणाला तरी सरकवतात. ज्याची बायको प्रोग्रॅम सुरू करते, त्याला सरकवत नाहीत. तो डबा बंद झाल्यावर मी कोण? बाकड्यावर बसलेली एक परदेशी म्हातारी.

मी विचारलं, “तुझ्या प्रोग्रॅमात कुणी गुपचूप नंबर बदलला तर?”

“सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर दिसेल. बदलणाऱ्याच्या नावासकट.”

“शुहरत अकांना माहीत आहे हे?”

“त्यांना वाटतं, माझा प्रोग्रॅम नुसता रंगीत आहे.”

किती दिवसांनी हसले मी! डिस्क पर्समध्येच होती. काढून दिली.

सोमवारी नवं सुरू झालं आणि सोबीर संध्याकाळच्या पाळीत गेला. खेड्यातल्यांना शेवटची बस मिळावी म्हणून शहरातल्यांना संध्याकाळी बोलवायचं, असा नियम आहे. मीच लिहिलेला. त्याच्यापुरता तो शुहरत अका आजवर हातानं बदलत होते.

मी सोबीरला सांगितलं. तो म्हणाला, “नियम चांगला आहे. लिहिणारी खडूस असणार.”

तर आता तिथे माझी गरज उरली नाही. सकाळी डोक्याला रुमाल बांधून तयार होते आणि लक्षात येतं, कुठे जायचं नाही. तू म्हणशील, मग सुटलीस की, ये! त्याला विमानात बसवायला डॉक्टर तयार नाहीत. आजवर तुला सांगत आले, प्रोग्रॅम सोडून कशी येऊ. ती सबबही गेली. परवा भाकरीचा तुकडा चहात बुडवता बुडवता तो म्हणाला, “तू जा.” मराठीत. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मला जायचंय, नलू. रोज उठल्याबरोबर पहिला विचार तोच असतो. आणि मी जायला मोकळी केव्हा होणार, हे मनात आलं की मी उठून भांडी घासायला लागते.

सोबतच्या चिठ्ठीवर मुनिसाच्या प्रोग्रॅमचा वेबवरचा पत्ता आहे. तुझ्या फोनवर उघडेल, तुझ्या नातवाच्या संगणकावरही उघडेल. पासवर्ड म्हणजे शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटला आपण पाठीमागे जे म्हणायचो ते, इंग्रजीत. त्यात सोबीरचं नाव बघत जा. ते दिसतंय तोवर मला कधी येतेस विचारू नकोस. आणि ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी लगेच फोन करू नकोस. थोडं थांब. मीच करीन.

तुझी, पण इथलीच,
वत्सलाताई