गोवर नक्की कुणाला आला होता?

तुर्सुनाय एजे,

थोरल्या बहिणीला धाकट्या भावाचा वाकून सलाम. तू बरी आहेस ना? मुलं, घोड्या, मेंढरं सगळी धडधाकट? दाजींची कंबर? (दुखत असेल तर देव आराम देवो, नसेल तर त्यांना कुरणावर कामाला पाठव.) मी उत्तम आहे. म्हणजे परवापर्यंत तरी होतो.

वरच्या कुरणावर गोवर आलाय, म्हणून दवाखान्याने लशींची थंड पेटी घोड्यावर लादून मला तिकडे धाडलं. घोडा पेटीला घाबरला, मी घोड्याला. शेवटी सात किलोमीटर आम्ही दोघं पायी गेलो, पेटी माझ्या पाठीवर. कुमुशआपाच्या तंबूवर लाल फडकं बांधलेलं, आत तिची नात तापाने फणफणलेली. तिथे रोगाचं नाव कुणी घेत नाही, ‘पाहुणा’ म्हणतात. पाहुण्यासाठी लोण्याची वाटी आणि वेगळी बैठक मांडलेली. (एजे, खरं सांगतो, त्या रिकाम्या बैठकीवरची गादी मधोमध दबलेली होती. मी उभाच राहिलो.) पोरीला सगळे ‘ए कुत्रे’ म्हणत होते. खरं नाव पाहुण्याला कळलं तर तो तिला घेऊन जाईल ना!

मी पोट धरून हसलो आणि व्याख्यान झोडलं. म्हटलं, लस म्हणजे दात पाडलेला लांडगा. अंगातली कुत्री त्याला हुंगतात, त्याच्यावर भुंकतात आणि वास लक्षात ठेवतात. मग खरा लांडगा आला की उंबऱ्यावरच त्याचा फडशा. आणि ज्याला गोवर येऊन गेला, त्याच्या कुत्र्यांना तर शिकवायलाच नको, जसा मी! चौथ्या वर्षी गोवर आला तो मला, असानला. माझ्या जुळ्याला, उसोनला, खिंडीपलीकडे मावशीकडे धाडलं. मी वाचलो, आणि तो बिचारा तिथल्या ओढ्यात बुडून गेला. म्हणून तर मी जन्मात लस घेतली नाही.

कुमुशआपा म्हणाली, “हसतोस काय रे दात काढून? तुझी आजी माझ्याहून पोचलेली होती. तिने नुसती नावं नाही लपवली, पोरंच बदलली.” मी म्हटलं, आपा, चहा द्या. तिने दिला. पण दूध घालू का, हे तिने माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून विचारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बेगिमाय जीपने आल्या आणि ज्यांना गोवर येऊन गेल्याचा भरवसा नाही त्यांचं रक्त तपासू लागल्या. माझ्यापासून सुरुवात करा, मी ऐटीत म्हणालो, नमुना म्हणून. निकाल बघून त्या म्हणाल्या, “तुम्हाला गोवर कधी झालेलाच नाही.” यंत्र बिघडलंय, मी म्हटलं. त्यांनी कुमुशआपाचं रक्त घातलं. ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या रक्ताने गोवर लगेच ओळखला. माझं परत घातलं. काही नाही. “असलं काही शरीर विसरत नाही हो,” त्या म्हणाल्या.

तेव्हा एजे, गोवर आला तो मला नव्हे. मग आजारी पडलेला घरातच गेला, ओढ्याची गोष्ट रचलेली, आणि खिंडीपलीकडून आणलेल्याला तुम्ही त्याच्या नावाने हाका मारू लागलात, असं आहे का? दर वसंतात मी उसोनच्या थडग्याशी बसून उसोनसाठी प्रार्थना करतो. खाली ती ऐकतं कोण? मला भीती वाटते, एजे. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. आजी गेली, आई गेली, आता विचारायला फक्त तूच आहेस.

बाकी सर्व क्षेम.

तुझा भाऊ,
असान (तूर्तास)

ता. क. पोरीजवळ गेल्यापासून तिसरा दिवस उलटायच्या आत (नंतर उपयोग नसतो) लस टोचून घेतली. सुई बघून बेशुद्ध पडलो, हे दाजींना सांगू नकोस. पोरीचा ताप उतरला. फक्त खऱ्या नावाने हाक मारली तर ती आता ओ देत नाही.

आणखी ता. क. लांबलचक उत्तर नको, रडूही नकोस, मला कुणाचा राग नाही. आत कोरा कागद घातलास तरी चालेल. पाकिटावर मात्र माझं खरं नाव घाल. टपालवाल्याला सांगून ठेवलंय, दोघांपैकी कुणाचंही पत्र आलं तरी ते मलाच दे.