एकशे वीस, ऐंशी

४ ऑगस्ट
आठ महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी. लिहिण्यासारखं एकच होतं आणि तेच लिहवत नव्हतं. पण आज नवी नोकरी लागली, चव्वेचाळिसाव्या वर्षी नवाकोरा एप्रन मिळाला, म्हणून वही उघडली.

खिळ्यांच्या कारखान्यातला दवाखाना. एकच खोली, पण लख्ख. पूर्वेला खिडकी, भिंतीला धरून बाक, वजनकाटा, कामगारांच्या तपासणीच्या कार्डांची दोन कपाटं आणि टेबलावर लाकडी पेटीतलं रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र. पलीकडे मशीनचा धडधडाट सतत चालू. आठ दिवसांत तो ऐकू येईनासा होईल, असं डॉक्टर म्हणाले. पन्नाशी उलटलेले, गुबगुबीत, हसरे गृहस्थ. पहिल्याच दिवशी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. कामगार त्यांना पाठीमागे ‘छापखाना’ म्हणतात. का, ते कुणी सांगेना, नुसते हसले.

खरं लिहायचं तर मी नोकरीसाठी आलेले नाही. दादा इथे एकोणीस वर्षं तार ओढण्याच्या मशीनवर होता. आठ महिन्यांपूर्वी तिथेच कोसळला, तीन दिवसांत गेला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मला त्याचं कार्ड बघायचंय. बस, तेवढंच.

७ ऑगस्ट
कार्ड मिळालं. वर्षाला एक, अशा एकोणीस नोंदी. प्रत्येकीत रक्तदाब एकशे वीस, ऐंशी. अक्षर डॉक्टरांचं. छापखाना का म्हणतात ते कळलं.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. पट्टा बांधण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवावं लागतं. चारशे माणसं, आणि प्रत्येकाचं मशीन तेवढा वेळ बंद. मॅनेजर डोक्यावर बसतो. म्हणून ते रांगेवर नजर टाकून आकडा भरतात.

“चेहरा वाचता आला पाहिजे, सिस्टर,” म्हणाले.

हा आजार चेहऱ्यावर येतच नाही. माणूस जेवतो, हसतो, जिने चढतो. आणि आत हृदय जाडावत जातं, मूत्रपिंडं झिजतात, मेंदूतल्या नसा जुन्या कापडासारख्या विरतात. वहिनी सांगते, सकाळी डोकं धरून बसायचे, पण कार्डावर सगळं ठीक होतं ना. रोजच्या एका गोळीने कदाचित निभावलं असतं.

आणि मी? सख्खी बहीण, वीस वर्षं नर्सचं काम केलेली. एकदा तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधला? तो कार्डाची फुशारकी मारायचा, मी मान डोलवायचे.

१२ ऑगस्ट
आज डॉक्टरांनीच गमतीत बाही वर केली. १७६, १०४. किती, म्हणून विचारलं.

“एकशे वीस, ऐंशी,” मी म्हणाले.

पुढे ‘जीभ घसरली’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. घसरली नव्हती.

डॉक्टर खूश. वडील अर्धांगवायूने गेले, तेव्हापासून मनात धास्ती होती म्हणे. आता दर मंगळवारी बघत जा, म्हणाले.

१९ ऑगस्ट
१८८, ११०. सांगितला तोच आकडा. सकाळी उठल्यावर मानेच्या मागे ठणकतं, असं ते म्हणाले. मी उशी बदलायला सांगितली. सांगताना बरं वाटलं. लपवणार नाही: बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र विचित्र. पट्टा सोडला, पारा शून्यावर आला, तरी कानातल्या नळीत ठोके चालूच. तीन ठोके आणि एक गाळलेला. माझ्याच कानशिलातले असतील.

२६ ऑगस्ट
२०६, ११८. डबा उघडताना त्यांच्या नाकातून रक्त आलं. पोळीवर थेंब. ते हसून म्हणाले, उष्णता बाधली.

पुरे झालं. माणूस मरेल. त्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल. खरं सांगायचं ठरवूनच तोंड उघडलं – आणि निघालं एकशे वीस, ऐंशी. आवाज माझाच. पण मी बोलले नाही.

नंतर नळी कानाला लावली. दुसरं टोक हवेत, कुणाच्याच अंगावर नाही. तीन ठोके. एक गाळलेला. शेवटचे तीन दिवस दादाचं मनगट माझ्या हातात होतं. तो ठेका मी विसरेन?

२ सप्टेंबर
आज आकडा मिळालाच नाही. तीनशेपासून शून्यापर्यंत ठोकेच ठोके. डॉक्टरांचे नाहीत. मनात म्हटलं, दादा, आता बस कर. तर आणखी जोरात.

त्यांनी विचारलं, किती. मी तेच –

त्यांची डावी पापणी लोंबायला लागली आहे.

माझीही मान सकाळी दुखते. स्वतःचा दाब बघितला. वरपासून खालपर्यंत तेच ठोके. काही कळत नाही. डॉक्टरांवर एवढा राग, समजू शकते. पण दादा, मी तर तुझी –
हो. मीही बघितलं नव्हतं.

४ सप्टेंबर
मीच बाही वर केली. डॉक्टर, नीट बघून सांगा, म्हटलं. त्यांनी बघितलं. पारा दोनशेच्याही वर थरथरत होता, मलाही दिसला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. हसले नाहीत.

“एकशे वीस, ऐंशी.”

त्यांना कळलंय? की त्यांच्याही तोंडून तोच –

५ सप्टेंबर
उजवा हात जड. पेन निसटतं. तोंडाने सांगता येत नाही, पण इथे आकडे खरे आहेत. इथे मी खोटं लिहिलेलं नाही. एवढं एक राहिलंय.

उद्याचं काम, एकच: ही वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडी ठे