गोट्याचा उपयोग

कोपरी, ठाणे
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८०५

राजमान्य राजेश्री सहदेवराव यांसी, आपला मेहुणा गुणाजी मास्तर याचा नमस्कार. इकडे प्रकृती बरी आहे. तुमची दाढ ठणकायची थांबली का, ते कळवावे. (लवंग धरून पाहावी.) तुमची बहीण तुळसा एकटीच तुमच्याकडे कल्याणास का आली हे तिने सांगितले नसेल, सांगितले असल्यास अर्धेच सांगितले असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईस प्रदर्शन भरायचे होते. तालुक्यातली माती, गोटे, खनिजे गोळा करून प्रत्येकाचा उपयोग लिहून पाठवा, असा हुकूम शाळेला आला. मी खाडीकडचे मीठ घेतले, शिंपल्यांचा चुना, गेरू, आणि दगडू कुंभाराकडचे एक मडके. दगडूला उपयोग विचारला तर चाक न थांबवता म्हणाला, "मास्तर, मडक्यात पानी. फुटलं तर खापरावर निखारं. खापर फुटलं तर पोरींना खेळायला ठिकरी. तीबी झिजली की परत माती. यातला कंचा लिवता?" (मी पाणी लिहिले. रकाना लहान होता.)

राहिला नदीतला गोटा. उन्हातून नदीवर कोण जाणार, म्हणून आमच्या चुलीजवळचा एक काळा गुळगुळीत गोटा उचलून पेटीत घातला आणि यादीत लिहिले: 'गोटा, नदीतला. उपयोग: काही नाही.'

पेटी रवाना झाली आणि यादीची नक्कल तुळसाच्या हाती पडली. तिला वाचायला मीच शिकवले. (तेव्हा आळी हसली होती. त्या दिवशी वाटले, आळीचेच बरोबर.) तो गोटा तुमच्या मातोश्रींनी तिला लग्नात दिलेला. तो तापवून, फडक्यात गुंडाळून तुळसाने माझ्या आईचे गुडघे दोन वर्षे शेकले, आई जाईपर्यंत. मी त्याच घरात होतो, पण शाळेचे कागद तपासत होतो. तुळसा भांडली नाही. एवढेच म्हणाली, "माझंही नाव लिहा यादीत. पुढे तेच लिहा." आणि तुमच्याकडे आली.

मी मुंबईस गेलो. तिथला साहेब दुभाष्यामार्फत म्हणाला, मांडलेली वस्तू परत मिळत नाही. मग निदान गोट्यापुढची उपयोगाची चिठ्ठी तरी बदलू द्या, म्हटले. काय लिहायचे, असे त्याने विचारले. आईच्या गुडघ्यांचे सांगता सांगता मला पुढे बोलवेना, तेव्हा दुभाष्याने आपल्या मनाने काहीतरी पुरे केले. साहेबाने गोटा स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्या हाती दिला. (दुभाषी काय बोलला, ते मी विचारले नाही. बहुधा हा आमचा देव आहे असे सांगितले असावे, कारण साहेबाने टोपी काढली.)

गोटा धुऊन जागेवर ठेवला आहे. बाकी सर्व क्षेम.

आपला
गुणाजी

ता. क. हे पत्र तुम्ही वाचले नाही तरी चालेल. तिला दिसेल असे ठेवावे.

ता. क. दुसरा. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. ती परत यायला नको म्हणाली तर मीच तुमच्याकडे राहीन; मास्तर कल्याणातही लागतात. जेवायला पिठले मात्र करू नये. पंधरा दिवस दोन्ही वेळा तेच खातो आहे, आणि तेही माझ्या हातचे.