दसऱ्याचा पहिला बार

प्रति,
मेहेरबान हत्यार-परवाना अधिकारीसाहेब,
थोरली पाती, देवास.

विषय: आजोबांच्या एकबारी रायफलीस नव्या काडतुसाच्या मापाचे घर करून घेण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: याच कामी पूर्वी दिलेले दोन अर्ज.

मेहेरबान महोदय,

अर्जदार मानाजी बिन रघुजी काटकर सविनय कळवितो, की:

१. दसऱ्यास शिवेवर टांगलेला कोहळा पहिल्या बारात फोडण्याचा मान अर्जदाराच्या घराण्याकडे आहे. तो आजोबांच्याच रायफलीने फोडावा, असा रिवाज आहे. तिची जाड काडतुसे आता कोठेच मिळत नाहीत. मेहुणे कृष्णाजी यांनी धारेहून मोठ्या हौसेने काडतुसे पाठविली, ती नव्या तऱ्हेची, बारीक निघाली.

२. अर्जदाराचा एकुलता मुलगा जयसिंगराव यंदा प्रथमच बार काढणार. बारीक काडतुसास फडके गुंडाळून तेच बसविण्याचा त्याने घाट घातला आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या चिंतामणी मिस्त्रीने ते ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, "भिया, ये गोली आगे कम, पीछे ज्यादा जाएगी." म्हणजे काडतूस फुटून आग पोराच्या तोंडावर. अर्जदार समजावून थकला. मुलगा म्हणतो, "आबा, प्रतापरावांच्या घरचे हसण्यापेक्षा डोळा गेलेला बरा." तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही.

३. नळीत पोलादी अस्तर बसवून त्यात नव्या काडतुसाचे घर कोरून देण्यास मिस्त्री तयार आहे. नंतर रायफल बाभळीस बांधून, भिंतीआडून लांब दोरीने खटका ओढून पारखणार. तोवर कोणी ती गालाला लावायची नाही. परंतु त्याचे दुकान रस्त्यापलीकडे, धाकट्या पातीच्या राज्यात, आणि रायफलीचा परवाना रस्त्याअलीकडच्या थोरल्या पातीपुरताच. मिस्त्रीस इकडे बोलवावे, तर त्याचा खराद, म्हणजे नळी कोरण्याचे यंत्र, जमिनीत पक्का रोवलेला. सबब मागील अर्जात अशी विनंती केली होती, की नळीचे तोंड आपल्या हद्दीत राहू द्यावे, मागचा भाग तेवढा पलीकडे सरकवू द्यावा, व खराद उखडून पलीकडच्याच रस्त्याकाठी आणण्याची हमाली अर्जदार सोशील. कचेरीत सारे हसले. हसोत बापडे. नियमात बसत नाही असे उत्तर आले, ते बरोबरच असेल.

४. दसरा तोंडावर आला. तरी कृपा करून परवानगी द्यावी. ती देणे शक्यच नसेल, तर बाराचा मान अर्जदाराच्या घराण्याकडून काढून प्रतापरावांस द्यावा. तीन पिढ्या ज्यांच्या घरचे पाणी प्यालो नाही, त्यांच्यासाठी अर्जदार आपल्या हाताने कोहळा टांगील. मात्र हुकूम साहेबांच्या मर्जीचा म्हणून निघावा. बापाने तो मागून घेतला, हे मुलास कळू देऊ नये. तो जन्मभर साहेबांस शिव्या देईल, त्याची आधीच क्षमा मागतो. पण धडधाकट राहून देईल.

साहेबांच्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला, नम्र,
मानाजी बिन रघुजी काटकर
देवास, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८३१

सोबत: जुन्या काडतुसाची रिकामी पुंगळी एक, तीत दारू काढलेले नवे काडतूस. साहेबांनी एकवार कानाशी धरून हलवून पाहावे.