लाल दिवा जाणाऱ्याचा

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची नातीकडे राहायला. ही वहीसुद्धा तिनेच दिली. म्हणाली, आजी, मी ड्यूटीवर गेले की तू भिंतींशी बोलत बसशील, त्यापेक्षा यात लिही. मी चौथी शिकलेली, जोडाक्षरं चुकणार. पण वाचणार कोण, मीच.

घर छान आहे. दोन खोल्या, मोरी मोठी, खिडकीला रुंद कट्टा. गावाचं हे शेवटचं घर, पुढे कालव्याचा पूल. कट्ट्यावर बसलं की पुलापलीकडचा रस्ता दिसतो, आखल्यासारखा सरळ, तीनेक मैल. दोन्हीकडे शेतं आणि दिव्याचा खांब एकही नाही. त्या टोकाला दवाखाना. तिथे माझी नात नर्स आहे, पांढऱ्या कपड्यात अशी दिसते की नजर काढावी.

सहालाच अंधार पडला. साडेसातला बघते तर पोरगी दातात बॅटरी धरून सायकल चालवत आली. बोलता येईना, नुसतं ऊं ऊं. आधी हसले, मग रागावले. खड्ड्यात गेलीस तर दात आणि बॅटरी दोन्ही जातील म्हटलं. म्हणाली, दात दवाखान्यात बसवून मिळतात, बॅटरीचीच काळजी आहे.

दारात आली की सायकलची घंटी तीनदा वाजवते. आईबापामागे मीच वाढवली तिला, शाळेपासूनची सवय आहे ती. तीनदा वाजली की मी दार उघडते. आज उघडलं तेव्हा इतकं बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सायकलवाल्याचं दुकान पाचच मिनिटांवर आहे. माणूस किती गोड. स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. म्हटलं, भाऊ, नातीला दिवा हवाय, पण खिसा हलका आहे. तर म्हणाला, आजी, दिवा किमतीवरून नाही, रस्त्यावरून निवडायचा.

मग सगळं समजावलं. पुढचा पांढरा लुकलुकणारा नको, खड्ड्याचा अंदाज येत नाही. उजेड रस्त्यावर पडला पाहिजे, झाडांवर नाही. सेलवाला स्वस्त पडतो पण थंडीत मान टाकतो, चार्जिंगचा बरा. मागचा लाल, तो लुकलुकला तरी चालेल, लांबून दिसावा. पांढरा दिसला तर कुणी येतंय, लाल दिसला तर कुणी जातंय, एवढं लक्षात ठेवा म्हणाला. लाल दिवा समोरून कधी येत नसतो.

नवे महाग होते. त्याने कोपऱ्यातली पेटी ओढली. वापरलेले दिवे, पण चांगले, किंमत तिसरा हिस्सा. कुठून येतात विचारलं तर म्हणाला, परत येतात. सगळे माझेच आहेत, फिरून माझ्याकडेच येतात.

आतल्या खोलीत अंधार करून मी प्रत्येक दिवा भिंतीवर पाडून पाहिला, मग जोडी घेतली. तो वहीत लिहीत होता. कोण चालवतं, रस्ता कुठला, किती वाजता, सोबत कुणी असतं का, घरी वाट कोण बघतं. मी सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, माझ्या गुडघ्यांपर्यंत. इतकं शांतपणे माझं कोण ऐकतं हल्ली?

घरी येऊन दोन्ही दिव्यांवर सुईने दोन ठिपके कोरले. पूर्वी एका नळावर आमची सहा घरं होती, तेव्हा खूण नसली की भांडं गेलंच. हात अजून ऐकत नाही, वस्तू आली की सुई काढतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

रोज खिडकीत बसते. आधी टाचणीएवढा पांढरा ठिपका, मग वाटाण्याएवढा, मग घंटी तीनदा. नात म्हणते, तू मला दुधासारखी राखत बसतेस.

पोस्टमनलाही त्याच दुकानात पाठवलं. बिचारा रोज सातला त्याच रस्त्याने घरी जातो, आणि दिवा म्हणून बायकोचा आरसा मागे बांधलेला. दिवे घेतल्यावर मुद्दाम दाखवायला आला. त्याच्या दिव्यांवर मी तीन ठिपके काढून दिले. म्हणाला, आजी, आता माझी बायकोही मला ओळखेल. शेजारच्या शिवणवालीलाही सांगून ठेवलंय. गिऱ्हाईक आणते म्हणून सायकलवाल्याने नातीला नवी घंटी फुकट दिली. बोलायचे पैसे मिळत असते तर मी आज बंगल्यात असते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टमन गेला.

सकाळी रस्त्याकडेच्या चारीत सापडला. मी पुलावर गेले होते, जायला नको होतं. चेहरा नव्हताच. कपाळापासून हनुवटीपर्यंत आत गेलेलं, त्यात चिखल, आणि पिशवीतली पाकिटं रक्ताने एकमेकांना चिकटलेली. त्याची बायको एकेक पाकीट सोडवत बसली होती. कुणी थांबवेना.

पोलीस म्हणाले गाडीने उडवलं. नातीने दवाखान्यात पाहिलं त्याला. रात्री जेवली नाही. म्हणाली, गाडी एकदाच मारते, आजी. हे पान्यासारख्या लोखंडाने मारलंय, वीस-पंचवीस वेळा. आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मोडलीत. काहीतरी घट्ट धरून ठेवलं असणार त्याने.

सायकल चारीतच होती. मागचा दिवा नव्हता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काही दिवस जाऊ नकोस म्हटलं. नात म्हणाली, रजेच्या अर्जात काय लिहू, आजीला भीती वाटते? दोन नर्स आजारी आहेत. आता सुटायला आठ होतात, घरी यायला साडेआठ.

मग मला वाटलं, पोस्टमनचा दिवा कमी पडला असेल, लांबून दिसला नसेल गाडीवाल्याला. दुकानात गेले आणि सर्वात मोठा लाल मागितला. सायकलवाला हळहळला पोस्टमनसाठी. हा घ्या, मैलावरून दिसतो म्हणाला, आणि अर्ध्या किमतीत दिला. मी नवी वेळ सांगितली. त्याने वहीत जुनी खोडून नवी लिहिली. त्याच्या हाताला पट्टी होती. चेन तुटून लागली म्हणाला. घरी येऊन याही दिव्यावर दोन ठिपके कोरले.

आता त्याच्यासाठी मफलर विणायला घेतलाय. उपकार ठेवू नये कुणाचे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचता आलं पाहिजे, म्हणून सावकाश लिहिते.

सव्वासातला मफलर द्यायला गेले. तो आत काही ठोकत होता. मी पेटीपाशी बसले. शिवणवालीसाठी एखादा बघून ठेवावा, म्हणून वरचाच लाल दिवा उचलला. अंगठ्याला ठिपके लागले. एक. दोन. तीन.

माझा हात ओळखते मी. दिवा बांधायच्या पट्ट्याच्या रबरात काळं सुकलेलं होतं आणि त्यात केस.

शेजारी त्याची वही. पोस्टमनचं नाव, सात वाजता, एकटा, त्यावर काट. खाली माझी नात. कालव्याचा रस्ता, साडेआठ, एकटी. तिच्यापुढे लिहिलेलं, घरी म्हातारी, ती पण एकटी. हे सगळं मीच सांगितलेलं. माझ्याच तोंडचं.

तो बाहेर आला. माझ्या हातातला दिवा पाहिला. आजी, आज गप्प गप्प, एवढंच म्हणाला, आणि शटर ओढू लागला. बाकावर मोठा पाना होता. दोन्ही हातांनी उचलून मारला. नाकावर बसला, हाड मोडलेलं मला मनगटात कळलं. पुन्हा मारला, डोळ्यावर. तो खाली बसला, रक्त हनुवटीवरून खाली पडलेल्या मफलरवर. अर्ध्या शटरखालून मी रांगत बाहेर आले. मागून ओरडला नाही, धावला नाही. फक्त विचारलं, साडेआठच ना?

मग दुकानामागे त्याचा टेम्पो सुरू झाल्याचा आवाज. दिवे न लावता पुलाकडे गेला.

नातीचा फोन वाजतोय, उचलत नाही, सायकलवर पिशवीत असतो. दवाखान्यात म्हणाले, आज लवकर निघाली, आजीला चकित करते म्हणाली. शिवणवालीच्या दाराला कुलूप. पोलिसांना यायला चाळीस मिनिटं. त्यांनी सांगितलं, आजी, कडी लावा, बाहेर पडू नका, जे दिसेल ते वेळ टाकून लिहून ठेवा. म्हणून लिहितेय.

८.०२ — रस्ता काळा. काही नाही.

८.०६ — पांढरा ठिपका. तीच. फोन करतेय, उचल ग, उचल —

८.०९ — वाटाण्याएवढा झाला. मागून इंजिनाचा आवाज. मागे उजेड नाही. तिचा लाल दिवा मला इथून दिसत नाही, त्याला दिसतोय. मैलावरून दिसतो. मीच —

८.१० — पांढरा उडाला. खरंच वर उडाला, गोल फिरला. आता पडलाय, उजेड शेतात आडवा.

ती ओरडतेय. इथपर्यंत ऐकू येतंय. लोखंडाचा आवाज. पुन्हा. पुन्हा. मी मोजतेय, का मोजतेय —

८.१३ — ओरडणं थांबलं. लोखंड थांबलं नाही.

८.१८ — मी कडी काढली होती. पुलापर्यंत गेले. गुडघा वळला, पडले. रांगत परत आले. पोलीस कुठे —

८.१९ — पांढरा विझला.

८.२२ — दिवा दिसतोय. पुलावर. देवा, येतेय का ती

लाल आहे.

लाल आहे आणि मोठा होतोय. इकडे येतोय. सीटच्या उंचीवर नाही, वर आहे, हातात धरल्यासारखा. चालत येतोय. लंगडत नाही, घाईत नाही.

८.२५ — कडी लावली. पाना इथेच आहे, माझ्याबरोबर आला होता. वही खिडकीच्या कट्ट्याखाली सरकवते. दिव्यावर दोन ठिपके असतील. पोलीसदादा, दोन ठिपके, ते माझ्या ना

घंटी वाजली. एकदा.

तीनदा वाजवते ती. तीनदा वाजली तरच

दोनदा —