कॉर्बेटच्या रानातली वाट

४ मार्च २००८

तार! काटेरी, नवी कोरी. ज्या फाटकातून मी लग्नाच्याही आधीपासून जातेय, त्याला साखळी आणि वर पाटी — खासगी रान, प्रवेश बंद. आत तो म्हातारा ओक आणि ओकाच्या बुंध्याशी माझा क्लेम. म्हणजे त्याची राख. मागच्या नोव्हेंबरात मी माझ्या हातांनी तिथे पसरलेली. आता नवऱ्याला भेटायला ह्या लंडनहून आलेल्या हॅलेटची मर्जी सांभाळायची?

बघतेच त्याच्याकडे.

५ मार्च

मिस कॉर्बेटनी रान विकलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. त्यांना दोष नाही. नव्वदी गाठली, गुडघे गेले, वृद्धाश्रमात राहायचं म्हणजे पैसा हवा. पण विकायला हाच माणूस सापडावा! चिखलात चालायचे बूट अजून दुकानात मांडल्यासारखे चकचकीत. शिकारीसाठी फेझंट पाळणार म्हणे, आणि माणसांच्या वावरानं पक्षी बुजतात. बुजू देत की.

९ मार्च

हॅलेट अंडी घ्यायला दारात. म्हटलं, संपली. टोपली भरलेली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. उद्या येऊ का म्हणाला. उद्याही संपलेली असतील म्हटलं.

दिवस छान गेला.

४ मे

ब्लूबेल फुललेत. तारेच्या अलीकडून बघितले — हेझलच्या झुडपांखाली सगळी जमीन निळी, आणि ओढ्याकडून रानलसणाचा वास. ह्या रविवारी दरवर्षी अख्खं गाव आत जातं, ओढ्याकाठी चहा आणि केक. क्लेम किटली वाहायचा. ह्या वर्षी आम्ही चर्चच्या आवारात, मोटारींच्या मधे बसलो.

हॅलेट आला. आला! मी त्याला किटलीच्या तळचा चहा दिला, गार झालेला, पानांसकट. मुकाट्यानं प्याला आणि आभार मानून गेला. त्याचाच जास्त राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१९ मे

ऑड्री हेरफर्डला जाऊन कायदा विचारून आली. ऑड्री म्हणजे क्लेमची चुलतबहीण, पोस्ट सांभाळते, आणि कुणाच्याही भांडणात पदर खोचून उतरते. वीस वर्षं लोक उघडपणे, कुणालाही न विचारता एखाद्या वाटेनं चालले की ती वाट सगळ्यांची होते. मालक कोणी का असेना, बंद करू शकत नाही.

"पण विचारलं की संपलं, बेरिल," ती म्हणाली. "मालकानं हो म्हटलं की ती त्याची मेहेरबानी. न विचारता चाललो तरच वाट आपली."

म्हणजे आपला उद्धटपणा हाच आपला हक्क! मी इतकी हसले की चहा सांडला. काउन्सिलकडे दावा टाकायचा. गावातला प्रत्येक म्हातारा साक्ष देईल. हॅलेटच्या पक्ष्यांमधून मी कुत्रा घेऊन फिरेन. कुत्रा नाही माझ्याकडे, पण आणेन.

२० मे

काय वेळ साधली बघा! सकाळी हॅलेट फाटकाची किल्ली घेऊन आला. "तुमच्या यजमानांचं मला ठाऊक नव्हतं, मिसेस ग्विलिअम. तुम्ही केव्हाही आत जा. माझी परवानगी आहे."

परवानगी! कालच शहाणी झाले नसते तर घेतली असती, वर रडले असते. किल्ली हातात घेतली आणि त्याच्यासमोर पावसाच्या पाण्याच्या पिपात टाकली. डुबुक.

तो गेल्यावर पिपात वाकून किल्ली दिसते का बघत राहिले. आनंदानंच. दुसरं काय असणार.

११ नोव्हेंबर

दावा दाखल. क्लेमला जाऊन वर्ष झालं. तारेशी उभी राहिले. ओकाची पानं गळलीत त्यामुळे बुंधा दिसतो. हॅलेटचे फेझंट त्याच्याभोवती चरतायत — माझ्या क्लेमवर!

याला ह्या गावात मी सुखाचा घास खाऊ देणार नाही.

२३ सप्टेंबर २००९

सुनावणी पुढच्या महिन्यात. आज मिस कॉर्बेटना भेटायला वृद्धाश्रमात गेले. जुन्या मालकिणीनं एकदा सांगितलं की गाव कधी विचारत नव्हतं, की हॅलेट संपला.

बाई खुर्चीत पांघरूण घेऊन बसलेल्या. डोकं अजून लख्ख. "ये गं बेरिल. त्या जिनची फार आठवण येते बघ."

दर वर्षी मी आलुबुखारे वेचून जिनमध्ये मुरवायचे आणि क्लेम नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी एक बाटली त्यांना नेऊन द्यायचा. मला वाटायचं, नुसत्या शुभेच्छा.

"काय सभ्य माणूस," त्या म्हणाल्या. "दारातच टोपी काढायचा. 'मिस कॉर्बेट, ह्या वर्षी गावानं रानातून जावं का?' मी म्हणायची, 'हो, ह्याही वर्षी जावं.' मगच बाटली पुढे करायचा, आधी नाही. आधी दिली तर लाच होईल म्हणायचा. एक वर्ष चुकला नाही."

सगळ्या गावाच्या वतीनं! दर वर्षी! माझ्याच जिनसकट!

"येऊ का सुनावणीला?" त्यांनी विचारलं. "तो किती चांगला होता ते सांगेन सगळ्यांना."

मी म्हटलं, कशाला त्रास घेता, रस्ता लांबचा, थंडी पडेल. त्यांचा हात थोपटला. पांघरूण नीट केलं.

२४ सप्टेंबर

अरे क्लेम! कुणी सांगितलं होतं तुला?

१० ऑक्टोबर

ऑड्रीला सांगितलेलं नाही. खरं बोलले तर वाट गेली, कायमची. हॅलेट जिंकला आणि क्लेम त्याच्या पक्ष्यांच्या पायांखाली. आणि खोटं बोलले तर? तर काय! हॅलेटचं तोंड बघायला मिळेल.

१४ ऑक्टोबर

गावच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. सरकारी तपासनीस बाई शांत, चष्मेवाल्या. सगळे म्हातारे फर्डं बोलले. मग मी. हॅलेटच्या वकिलानं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या यजमानांनी मिस कॉर्बेटकडे कधी परवानगी मागितली होती का?

"कधीच नाही," मी म्हटलं. "क्लेम कुणाच्या दारात टोपी काढणारा माणूस नव्हता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅलेट मान खाली घालून बसला होता. ह्या क्षणासाठी दीड वर्ष जळत होते मी.

बाहेर आल्यावर ऑड्रीनं कोपर धरलं. "छान बोललीस. पण क्लेम गं? तो तर पोस्टमनपुढेही टोपी काढायचा."

१५ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही.

१२ डिसेंबर

जिंकलो. वाट गावाची. नकाशावर येणार. हॅलेटनं स्वतः येऊन साखळी काढली, पाटी काढली. मी समोर उभी राहून बघितलं. ऑड्रीनं शेरी उघडली.

१३ डिसेंबर

रानात गेले. पाचोळा घोट्यापर्यंत. ओकाशी पोचले, क्लेमला सगळं सांगायचं ठरवून. तोंडच उघडेना. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्यालाच भर सभेत दुसराच कुणीतरी करून टाकलं मी. टोपी न काढणारा! त्यानं ऐकलं असतं तर हसला नसता. नुसता माझ्याकडे बघत राहिला असता.

पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. वाट मोकळी होती.

१ जानेवारी २०१०

जिनची शेवटची बाटली काढली. क्लेमची टोपी घातली आणि हॅलेटच्या दारात गेले. त्यानं दार उघडलं तशी टोपी काढली.

"मिस्टर हॅलेट, ह्या वर्षी गावानं रानातून जावं का?"

तो गोंधळला. "तुम्हाला आता विचारायची गरज नाही. तुम्ही जिंकलात."

"क्लेम विचारायचा," मी म्हटलं. "दर वर्षी, गावाच्या वतीनं. तुमच्या वकिलाला सांगायचं तर सांगा."

त्यानं टोपीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग म्हणाला, "विचार करून सांगतो."

बाटली मी परत घेऊन आले. हो म्हटल्याशिवाय द्यायची नसते.