भुताला हसले, जावयाला भ्याले

मसाका, बुधवार

तीर्थरूप आत्याच्या चरणी भाचा कियिंगी याचा लवून नमस्कार.

रात्र कशी गेली? दिवस कसा गेला? गुडघा काय म्हणतो? शेळ्या, कोंबड्या, केळीची बाग, सगळं खुशाल ना? शेजारणीचा डुक्कर अजून तुमच्या रताळ्यांत शिरतो का? (शिरत असेल तर तोही खुशालच असणार.) इकडे मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, हात जरासे थरथरतात, पण ते अक्षरावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. पत्र अगदी सहज लिहितोय. काम काही नाही, मागणं तर मुळीच नाही. लोक काय काय बोलतील ते तुमच्या कानावर जाण्याआधी खरं काय ते माझ्याकडून जावं, एवढंच.

तुम्ही गावात सांगता की आमचा कियिंगी शहरात भाषांतराच्या कामाला आहे. ते खोटं नाही. फक्त ते काम कचेरीत नसतं, पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये असतं. कोपऱ्यात स्टूल, हातात माईक, आणि पडद्यावरची परदेशी माणसं जे काही बडबडतील ते मी आपल्या भाषेत सांगायचं. सगळ्यांचे आवाज मीच काढतो, बाप मी, पोरगी मी, कुत्रंही मीच. त्यांची भाषा मला फारशी येत नाही, पण ते बघणाऱ्यांनाही येत नाही, त्यामुळे आजवर भांडण झालेलं नाही. हॉलचे मालक सालोंगो (जुळ्यांचा बाप, त्यामुळे त्यांचं खरं नाव त्यांची बायकोसुद्धा विसरली) गेल्या महिन्यात माझ्यावर वैतागले. समोरच्या हॉलवाल्याने लढाईचे सिनेमे आणले आणि आमची निम्मी बाकं रिकामी पडली. सालोंगो म्हणाले, "कियिंगी, लोकांना हसवणं पुरे झालं. आता घाबरव. घाबरलेला माणूस पुढच्या खेपेला एकटा येत नाही, सोबत दोघांना आणतो." आणि त्यांनी कुठून तरी भुताटकीचा सिनेमा पैदा केला.

आत्या, घाबरवणं किती कठीण असतं याची तुम्हाला कल्पना नाही. (म्हणजे तुम्हाला ते न बोलता जमतं, ती गोष्ट वेगळी.) रविवारी दुपारी हॉल भरला. दारावर जाड कांबळं टाकून अंधार केला. पडद्यावर माडीचं घर, त्यात एक बाई, तिचं पोर आणि तिची आई, एवढीच माणसं. नवरा कुठे तरी लांब कामाला. रात्री दारं आपोआप उघडतात, नळ आपोआप सुरू होतो. मी आवाज खोल काढून म्हटलं, "सावध! या घरात कुणीतरी आहे!" तर मागून एकजण म्हणाला, "असू दे की, एवढ्या खोल्या आहेत!" दुसरी बाई म्हणाली, "नळाला पाणी आलंय आणि रडतेय कसली? बादली लाव!" सगळा हॉल खो खो हसायला लागला. भूत पलंगापाशी येऊन नुसतंच उभं राहिलं, तेव्हा मात्र दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले. घरात येऊन जो साधी विचारपूस करत नाही तो माणूस नव्हे, हे त्यांना लगेच कळलं. मला वाटलं, सापडली नस! पण माझ्या जिभेला हाड नाही ना. त्या भुताला मी आपलं वळण लावायला गेलो. त्याच्या तोंडून विचारलं, "रात्र कशी गेली हो, मंडळी?" आणि सगळ्या हॉलने एका सुरात उत्तर दिलं, "छान गेली! तुमची?" झालं, भीतीचा बट्ट्याबोळ.

तेव्हा मी पडदा सोडून माणसंच बघू लागलो. खाटीक बोस्सा रोज पहाटे दोन बैल कापतो. रक्ताच्या प्रसंगाला तो भुताची चूक काढत होता, असा धरतात का सुरा म्हणे. तोच बोस्सा, पोराच्या खोलीत पिंजऱ्यातला एक रंग बदलणारा सरडा क्षणभर दिसला, तर बाकावर पाय घेऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "गेला का? सांग ना, गेला का?" मोटारसायकलवर भाडी मारणाऱ्या एका गड्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, का तर ती बाई गाडीचं इंजिन चालू ठेवून घरात पळाली. भूत तिच्या मानेपर्यंत पोचलं तरी हा आपला ओरडतोय, "अगं बये, किल्ली! किल्ली फिरव आधी, पेट्रोल जळतंय!" शाळेच्या मास्तरीणबाई तर त्या पोराने आजीला बसल्या बसल्या उलट उत्तर दिलं तेव्हा अंगावर शाल ओढून बसल्या. प्रत्येकाचं भूत निराळं, आत्या, आणि ते ज्याचं त्याने घरून आणलेलं असतं.

माझं भूत कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच लहानपणी मांडीवर बसवून सांगितलंत की जावयाने सासूच्या अंगाला हात लावायचा नाही, तिच्यासोबत एका छपराखाली बसायचं नाही, नाहीतर दोघांना थरथर लागते आणि ती जन्मभर सुटत नाही. मी नेहमी पाळलं. लग्न ठरल्यापासून नांतुमेच्या घरी जातो तेव्हा मी अंगणातल्या फणसाखाली बसतो, तिची आई आत पडद्याआड. आधी ती दोनदा खाकरते, "हं... हं...", मग विचारते, "नांतुमे, त्याला विचार, पोटापाण्याला काय करतो?" मी नांतुमेला सांगतो, भाषांतर. नांतुमे आत सांगते, भाषांतर. (सगळ्यांना सगळं ऐकू येत असतं.) मग आतून पुन्हा "हं... हं...", आणि त्या दुसऱ्या "हं" मध्ये माझ्याविषयीचं तिचं सगळं मत असतं.

तर सिनेमा. हॉल हसतोच आहे, घाबरत नाही, म्हणून मला सुचलं की मग हसवूनच घ्यावं. पडद्यावरच्या त्या म्हातारीला मी नांतुमेच्या आईचा आवाज दिला. भूत आलं की म्हातारी आधी खाकरणार, "हं... हं...", आणि मग मुलीला म्हणणार, "त्याला विचार, पोटापाण्याला काय करतो?" लोक लोळायला लागले. पाऊण तास मी तेच केलं. वर दर वेळी ठासून सांगितलं, ही सासूबाई बरं का, घरच्या जावयाची सासूबाई. का सांगितलं! आमच्या धंद्यात नातं बदलायला एक शब्द पुरतो. तिला मी घरमालकीण म्हणू शकलो असतो, नर्स म्हणू शकलो असतो. आमचा नियम आहे की सिनेमा आदल्या दिवशी पूर्ण बघून ठेवायचा. मी शनिवारी बसलोही होतो, पण निम्म्यावर वीज गेली. म्हटलं, उरलेल्यात तरी काय, आणखी थोडं भूत.

उरलेल्यात जावई परत आला. दार उघडलं, बॅग टाकली, आणि बायकोला सोडून थेट सासूकडे गेला. आणि आत्या, लिहायला हात धजत नाही, त्याने तिला मिठी मारली. गालाचा मुका घेतला. मग तिच्याच शेजारी, एकाच कोचावर, खांद्याला खांदा लावून बसला, आणि ती हसत होती!

मी माईकमध्ये घाईघाईने म्हटलं, "मंडळी, ही... ही त्याची आई आहे बरं का!" पण पाऊण तासाचं खोटं एका वाक्यात कसं निस्तरणार? मास्तरीणबाईंनी किंकाळी फोडली. बोस्सा "चला रे, बघू नका, बघू नका!" म्हणत बाकं ओलांडून पळाला. मघाशी भुताला खुशाली विचारणारी सगळी माणसं एकाच दाराकडे धावली. सालोंगो बाहेर उभे राहून टाळ्या वाजवत होते, घाबरले, घाबरले म्हणून.

मीही पळालो. (माझीही पाचावर धारण बसली होती, लपवण्यात काय अर्थ?) पळताना माईकची वायर पायात आली आणि दारापाशी मी कुणाच्या तरी अंगावर धाडकन पडलो. डोक्यावरून ओढणी घेतलेली, मोठ्या घेराच्या गोमेसी झग्यातली भारदस्त बाई होती. दोघंही खाली. माईक अजून माझ्या हातात, चालू. मी अदबीने विचारलं, "माय, लागलं का कुठं?" अंधारातून, माईकच्या अगदी जवळून उत्तर आलं, "हं... हं..." ते लाऊडस्पीकरवरून पार बसथांब्यापर्यंत गेलं, आणि रस्त्यावर पळालेली सगळी माणसं हसायला लागली. त्यांना वाटलं, मीच काढतोय तो आवाज. मला एकट्याला ठाऊक होतं की मी तोंड उघडलेलं नव्हतं.

होय, आत्या, तीच. आपला होणारा जावई नेमकं काय भाषांतर करतो हे तोंडावर विचारता येत नाही, म्हणून बिचारी ओढणी घेऊन मागच्या बाकावर येऊन बसली होती. पाऊण तास स्वतःचं खाकरणं ऐकत बसली होती. तेव्हापासून तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय, आणि तिच्या माणसांकडून निरोप आलाय की थरथरीचा निकाल लागेपर्यंत लग्नाआधीच्या ओळखीच्या समारंभाचं नाव काढायचं नाही. तीन आठवड्यांवर समारंभ होता, आत्या. पांढरे झगे शिवून झालेत, आहेराच्या टोपल्या आणल्यात. नांतुमेवाचून मला करमायचं नाही हे तुम्हाला सांगायला लाज कशाची? रात्री हात थरथरतात ते स्पर्शाने की तिच्या काळजीने, हे मला खरंच कळत नाही.

असो. सहज लिहिलं. गुडघ्याला तेल चोळत जा. मोठ्यांना नमस्कार, डुक्कर सोडून सगळ्यांना आशीर्वाद.

तुमचा,
कियिंगी

ता. क. काम नाही असं वर लिहिलंय, तरी एक बारीकसं आहे. येत्या शनिवारी पहिल्या बसने याल का? अशा वेळी जावयाकडची वडीलधारी बाईच सासूपाशी जाऊन बसते, आणि तुमच्यापेक्षा वडीलधारं माझं आहे कोण? रीतीची कोंबडी आणि कापड मी आणून ठेवलंय. कोंबडी माझ्याकडे अशी बघते की तिलाही सगळं कळलेलं दिसतं. तेवढं गुडघ्याला समजावा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच नांतुमे आली. आईला थरथर वगैरे काही नाही म्हणते. कोंडून घेतलंय ते वेगळ्याच कारणाने. मिठी बघून तीही दाराकडे पळाली, त्यामुळे सिनेमातलं पुढचं काही दिसलं नाही, आणि तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही: मिठी मारल्यावर पडद्यावरच्या त्या सासूचं झालं काय? मेली की जगली? मला ती तोंडावर विचारू शकत नाही, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. शिवाय निरोप आहे की नक्कल बरी होती, पण ती दोनदा खाकरत नाही, तीनदा खाकरते, पुढच्या वेळी लक्षात ठेवावं. आत्या, तिने "पुढच्या वेळी" म्हटलंय! मी नांतुमेकडून दोनदा वदवून घेतलं.

ता. क. ३. तेव्हा शनिवारी तिच्यापाशी बसून सिनेमाचा शेवट तेवढा सांगायचा. पण खरं सांगू? तो मलाही ठाऊक नाही. सालोंगोंनी काल सिनेमा पुन्हा लावून दिला होता, पण जावई दार उघडतो तिथेच मी यंत्र बंद केलं. तुम्हीच काहीतरी रचा, लहानपणी मला झोपवताना रचायचात तसं. भुताचं काय वाटेल ते करा. सासू मात्र ठणठणीत हवी, आणि जावईसुद्धा, निदान तीन आठवडे तरी.